सोनकांबळे काकांच्या हाका

आमच्या गल्लीत दिवेलागणीला कुठल्याच आईला पोरांना हाका माराव्या लागायच्या नाहीत. ते काम सोनकांबळे काकांकडे होतं. काका फाटकाशी येऊन उभे राहायचे, डावा हात कानामागं धरायचे, घसा साफ करायचे आणि समोरच्या मोकळ्या प्लॉटकडं तोंड करून पुकारायचे, "प्रवाशांनी लक्ष द्यावं. निलंगा, औसा, जळकोट आणि हुमनाबाद या गाड्या सुटण्याच्या तयारीत आहेत. हातपाय धुऊन आपापल्या जागेवर बसून घ्यावं." प्लॉटवरचा गलका हळूहळू पांगायचा. एखादं पोर "काका, शेवटची ओव्हर!" म्हणून ओरडायचं. काका तेवढी ओव्हर होऊ द्यायचे.

काकांची सगळी नोकरी लातूरच्या बसस्टँडवर गेली. ते कंट्रोलर होते. जाळीच्या खिडकीमागं बसून माईकवर गाड्या पुकारायच्या, चुकलेल्या म्हाताऱ्यांना त्यांच्या गाडीपर्यंत पोचवायचं, हरवलेल्या लेकराला टेबलावर बसवून त्याच्या आईचं नाव पुकारायचं. अंगकाठी अशी, की पांढरा शर्ट हँगरलाच अडकवलाय असं वाटावं. त्या अंगातून तो आवाज कसा निघायचा कोण जाणे. निवृत्त झाल्यावर माईक सुटला, पुकारणं काही सुटलं नाही.

पोरांना गावांची नावं त्यांनीच दिलेली. गाव बापाचं नाही, आईचं. ज्याची आई निलंग्याची तो निलंगा, जिची आई औशाची ती औसा. वाघमारेंच्या जुळ्या पोरी म्हणजे जळकोट एक आणि जळकोट दोन. पोरांना याची गंमत वाटायची, पण खरी खूश व्हायच्या त्या आया. लग्न होऊन आलेल्या बाईच्या माहेराचं नाव सासरच्या गल्लीत रोज कोण घेतंय? वाघमारेवहिनी एकदा माझ्या आईला म्हणाल्या होत्या, "काकांनी जळकोट म्हटलं की मला आमच्या अंगणात जाऊन आल्यावानी वाटतंय."

घरात मात्र काका जवळजवळ बोलतच नसत. सुशीलाकाकूंची ही कायमची तक्रार. "बाहेर सगळ्या जिल्ह्याला हाका, अन् घरात मीठ पायजे तरी बोटानं दाखवतेत," त्या म्हणायच्या. काका खाली मान घालून हसायचे आणि मिठाकडं बोट करायचे. कुणी पाहुणा आला की एकच प्रश्न विचारायचे, "मुक्कामी का परत?" मुक्कामी म्हटलं की काकूंना आत भाकरी वाढवायचा इशारा जायचा. परत म्हटलं की अर्धा कप चहा. बुद्धपौर्णिमेला मात्र हा प्रश्न नसायचा. त्या दिवशी गल्लीतलं प्रत्येक लेकरू त्यांच्या ओसरीवर बसून खीर खाऊनच जायचं.

मी पुण्याच्या एका कंपनीत नोकरीला. टाळेबंदीत लॅपटॉप घेऊन लातूरला आलो, तो इथंच राहिलो. गल्लीत असे बरेच जण होते. कुणी बँकेचं काम घरून करायचं, कुणी विम्याचं. ज्या घरांत दुपारी नुसते पंखे फिरायचे, त्या घरांत दारं लावून माणसं हळू आवाजात इंग्रजी बोलू लागली. आणि उन्हं जरा उतरली की प्लॉटवर पोरं जमायची. घराघरातली मीटिंग नेमकी तेव्हाच रंगात आलेली असायची.

एकदा मी परदेशातल्या ग्राहकांसमोर आमच्या कामाचा आढावा मांडत होतो. बाहेरून आवाज आला, "आउट हाय!" "न्हाई!" "आईच्यान आउट हाय!" मग दहाबारा गळे एकदम. तिकडच्या बाईंनी काळजीनं विचारलं, तुमच्याकडं दंगल चालू आहे का? मी माईक बंद केला आणि तणतणत बाहेर आलो. काका फाटकाशीच होते.

"काका, मीटिंग चालू हाय. जरा गप करा ना ह्यांना!"

काकांनी माझ्याकडं पाहिलं, मग पोरांकडं. "गप न्हाई व्हायचे ते. गलका बंद करता येत न्हाई बाबा, हलवता येतोय." असं म्हणून त्यांनी हात कानामागं धरला. "प्रवाशांनी लक्ष द्यावं. क्रिकेटची गाडी फलाट बदलून लिंबाच्या झाडाखाली लागत आहे."

स्टंपाच्या काठ्या उपटून सगळी झुंड प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला पळाली. जाताना केवढा आरडाओरडा, पण मिनिटाभरात माझ्या खिडकीशी शांत. तेव्हापासून मी मीटिंगच्या आधी खिडकीतून हात वर करायचो आणि काका फलाट बदलायचे. पुढं बँकवाल्या पवारांनीही हेच सुरू केलं. कधीकधी दोन टोकांच्या दोन खिडक्यांतून एकाच वेळी हात वर व्हायचे. मग काका पोरांना मधोमध बसवून गावांच्या भेंड्या लावायचे. तो कार्यक्रमही शांत होता असं काही म्हणता येणार नाही.

"तुम्हाला ह्या कालव्याचा त्रास कसा होत नाही?" मी एकदा विचारलं.

"मला गप बसलेल्या जागेची भीती वाटते," काका म्हणाले. "स्टँड गप झालं म्हणजे समजायचं, संप हाय. टाळेबंदीत मी एकदा बघून आलो. फलाटावर कुत्री झोपलेली. तसलं पुन्हा बघू वाटत न्हाई."

खेळ सुरू होतानाही काका एक पुकारा करायचे. त्यात शेवटी एक ओळ रोज असायची. "देवणीहून येणारी गाडी उशिरा धावत आहे. प्रवाशांनी वाट पाहावी."

देवणी म्हणजे अथर्व बिरादार. कोपऱ्यावरच्या दुमजली घरातला. त्याचे वडील बिरादार सर फिजिक्स शिकवायचे आणि आता घरातूनच ऑनलाइन क्लास घ्यायचे. माणूस वाईट नव्हता. पहाटे उठून शिकवायचे, संध्याकाळीही शिकवायचे. पण सबंध लातूरची पोरं अभ्यास करत असताना आपलं पोर मातीत लोळतंय हे त्यांना बघवत नसे. अथर्व चौथीत होता, तरी त्याचा दिवस आखलेला असायचा. संध्याकाळी तो गॅलरीच्या ग्रिलला नाक लावून उभा असायचा. खाली चेंडू उडाला की त्याचीही मान वर जायची.

"तो काही येत नाही काका," मी म्हणालो. "रोज कशाला पुकारता?"

काकांनी गॅलरीकडं पाहिलं. मग म्हणाले, "आमच्या गावाला सांच्याला पोरं खेळायची. पाटलाची, माळ्याची, वाण्याची, सगळी. एकमेकाला हाका मारत जायची. आमच्या घरांकडं यायची न्हाई ती हाक. मी अन् माझा भाऊ, आम्ही लांब दगडावर बसून बघायचो. कुणी हाकललं न्हाई कधी. कुणी बोलवलं बी न्हाई." त्यांनी शर्टाच्या बाहीला लागलेला चुना झटकला. "येणं न येणं त्याच्या घरच्यांच्या हातात हाय. पुकारणं माझ्या हातात हाय."

त्या उन्हाळ्यात नाझनीनचं प्रकरण झालं. नाझनीन म्हणजे बशीरचाचांची सून. चाचांचं गोलाईच्या बाजारात गाद्यांचं दुकान. ती हुमनाबादची, बी. कॉम. झालेली, आणि घरून एका कंपनीसाठी फोनवर ग्राहकांच्या तक्रारी ऐकण्याचं काम करायची. लग्नानंतर मिळालेली तिची पहिली नोकरी. त्यांचं घर प्लॉटला अगदी चिकटून होतं आणि तिची खोली प्लॉटच्याच बाजूची. पोरं लिंबाखाली गेली तरी तिला ऐकू यायचं, इकडं आली तर विचारूच नका. फोनवरच्या एका ग्राहकानं तक्रार केली, तुमच्याकडं बाजार भरलाय का म्हणून. वरच्या साहेबांनी तिला बजावलं, पुन्हा असं झालं तर काम बंद.

बशीरचाचांनी आपल्या परीनं उपाय केला. दुकानातून दोन जाड गाद्या आणून खिडकीला बांधल्या. आवाज थोडा अडला, वारा पूर्ण अडला. वर पत्रा. लातूरचा मे महिना. नाझनीनची पोरगी झोया, म्हणजे आमची हुमनाबाद, खेळता खेळता काकांना सांगून गेली, "अम्मी ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन फोनवर बोलतीय."

काका तसेच चपला घालून बशीरचाचांकडं गेले. मी कशासाठी तरी बाहेर उभा होतो, तर मलाही घेऊन गेले.

"आमची मागची खोली रिकामी हाय," काका म्हणाले. "भिंती जुन्या, जाड. आवाज येत न्हाई. पोरीला दुपारी तिथं बसू द्या कामाला."

चाचा अडखळले. "सोनकांबळेसाब, तुम्हारी बात सही है. मगर बहू रोज दूसरे के घर में जाके बैठी तो लोगां क्या बोलते?"

"लोगां तो बोलतेच, चाचा. सुशीला दिनभर घर में रहती."

"मालूम है. फिर भी देखेंगे," चाचा म्हणाले. काकांनी जास्त ताणलं नाही. नाझनीन आतल्या दाराशी उभी होती. घामानं तिची बाही दंडाला चिकटली होती.

पुढच्याच रविवारी बिरादार सरांनी गल्लीची बैठक बोलावली. प्लॉटवर खुर्च्या मांडल्या होत्या. सरांनी तयारी करून आणली होती. प्लॉटचा मालक हैदराबादला असतो, त्याच्याशी ते फोनवर बोलले होते. चारी बाजूंनी तारेचं कुंपण करायचं आणि गेटला कुलूप, अशी त्याची परवानगी होती. "मी माझ्यासाठी म्हणत नाही," सर म्हणाले. "आता घर हेच ऑफिस झालंय. आपल्या गल्लीतल्या एका सुनेची नोकरी या गोंधळापायी जायची वेळ आलीय. पोरांना खेळायला क्रीडा संकुल आहे."

संकुल पार शहराच्या दुसऱ्या बाजूला. चौथीतलं पोर तिथं रोज कसं जाणार, हे कुणी विचारलं नाही. बरेच जण मान डोलवत होते. खरं सांगायचं तर सगळेच थकलेले होते. काका मागच्या खुर्चीत बसले होते. मला वाटलं आता ते उठतील. ते उठले नाहीत.

उठली नाझनीन. पदर डोक्यावर नीट केला आणि म्हणाली, "सर, मेरे नाम पे ताला मत लगाओ. मला शांत जागा पायजे, हे खरं हाय. पण माझी झोया त्याच प्लॉटवर खेळती. तिला घरात कोंडून मी नोकरी करू का?" बसताना तिनं बशीरचाचांकडं पाहिलं नाही.

मग बायकांच्या बाजूनं बिरादारबाई उभ्या राहिल्या. या बाईंना आम्ही गल्लीत कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं.

"कुलूप लावायचं तर लावा," त्या आपल्या नवऱ्याला सगळ्यांसमोर म्हणाल्या. "पण त्याच्या आधी माझ्या लेकराला एकदा इथं खेळू द्या."

"अगं, आता मध्येच काय? त्याची स्कॉलरशिपची परीक्षा..."

"मी देवणीची हाय. आमच्याकडं वासराला बी दिवसातून एकदा मोकळं सोडतेत. रोज सांच्याला काका माझ्या गावाचं नाव घेतेत, वाट बघा म्हणतेत. मी वर गॅलरीत उभी राहून ऐकते अन् आत जाते. आता मला ऐकवत न्हाई."

सर खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. चिडतील असं वाटलं होतं. पण ते गोंधळून गेले होते. शेवटी म्हणाले, "अन् माझ्या लाइव्ह क्लासचं काय?"

तेव्हा काका बोलले. "तुमचा क्लास कधी लागतो ते सांगा सर. त्या टायमाला गाडी लिंबाखाली. जबाबदारी माझी. फक्त खिडकी तेवढी लावून घेत जा."

कुणीतरी हसलं. मग सरही हसले. कुंपणाचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही आणि पुढंही कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अथर्व खाली आला. पायात शाळेचे काळे बूट, केस पाणी लावून विंचरलेले. काकांनी हात कानामागं धरला. "देवणीहून येणारी गाडी..." म्हणाले आणि थांबले. घसा साफ केला. पुन्हा म्हणाले, "देवणीहून येणारी गाडी फलाटावर येत आहे." पोरांनी असा काही कल्ला केला की बँकवाले पवार हेडफोनसकट बाहेर आले. अथर्व पहिल्याच चेंडूवर आउट झाला. आउट नाही म्हणून त्यानं जे भांडण काढलं, त्यामुळं तो लगेच सगळ्यांत सामील झाला.

बशीरचाचा त्याच आठवड्यात काकांकडं आले. सोबत एक नवी गादी होती, कापूस पिंजून स्वतः शिवलेली. "बहू को खाली हाथ नहीं भेजता मैं," ते म्हणाले. गादी मागच्या खोलीच्या खिडकीला लावायची नव्हती. तिथं गरजच नव्हती. ती नाझनीनला बसायला म्हणून काकूंच्या दिवाणावर पडली. नाझनीन रोज दुपारी लॅपटॉप छातीशी धरून यायची आणि संध्याकाळी जायची. काकू तिला मधेच सुशीला बनवून द्यायच्या, आमच्याकडचा तो तिखट चुरमुऱ्याचा प्रकार. बायकोचं आणि खाण्याचं नाव एकच, म्हणून काका यावर रोज हसायचे, आवाज न करता.

"बरं झालं," काकू म्हणाल्या. "ह्यांच्या घरात गप बसण्याचा कुणाला तरी उपयोग झाला."

काही महिन्यांनी नाझनीन नोकरीत कायम झाली, आणि नंतर नव्या मुलींना शिकवायचं कामही तिच्याकडं आलं. बंद दाराआडून तिचा आवाज यायचा, ठाम, न अडखळणारा. काका तेव्हा ओसरीवर बसलेले असायचे. एखादं पोर फाटकाजवळ येऊन ओरडलं तर नुसतं बोट ओठावर ठेवायचे. पोर पळून जायचं आणि प्लॉटवर जाऊन दुप्पट ओरडायचं.

एकदा चेंडू काकांच्याच खिडकीची काच फोडून आत गेला. काकू बाहेर येऊन अर्धा तास बोलल्या. सगळी पोरं लिंबामागं दडली. काका उठले, काचा गोळा केल्या, चेंडू पुसला आणि फाटकाशी गेले. आम्हाला वाटलं आता रागावतील. ते म्हणाले, "बेवारस सामान कंट्रोल रूममध्ये जमा आहे. मालकानं ओळख पटवून घेऊन जावं." ओळख पटवायला सगळेच आले. एकानंही कबूल केलं नाही आणि एकाचंही नाव दुसऱ्यानं सांगितलं नाही. काकांनी चेंडू अथर्वच्या हातात दिला.

मग त्यांची मुलगी प्रज्ञा, जी नांदेडला कॉलेजात शिकवते, तिला मुलगी झाली आणि काका-काकू नांदेडला गेले. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेले होते, तिथंच राहिले. घर त्यांनी नाझनीनलाच भाड्यानं दिलं. आता संध्याकाळी आमच्या गल्लीत आयाच हाका मारतात, प्रत्येकीची वेगळी. बिरादारबाईंची हाक सगळ्यांत लांब जाते.

मागच्या हिवाळ्यात एका लग्नासाठी मी नांदेडला गेलो होतो. दुपारी वेळ काढून प्रज्ञाच्या घरी गेलो. मोठी इमारत, लिफ्ट, दारावर पाट्या. काकूंनी दार उघडलं. कडेवरून उतरलेली नात त्यांच्या साडीला धरून उभी होती.

"काका?"

"खाली गेलेत. मागच्या बाजूला बघ. जेवायला बोलावून दमले मी."

इमारतीच्या मागं गाड्या लावायची जागा होती. उन्हाचा एक मोठा तुकडा फरशीवर पडला होता आणि त्यात दहापंधरा लहान पोरं गोल करून उभी होती. मधे काका. पांढरा शर्ट, पँट घोट्याच्या वर दुमडलेली, पाय अनवाणी आणि डोळ्यांवर कुणाच्या तरी आईची फुलाफुलांची ओढणी बांधलेली. दोन्ही हात पुढं करून ते चाचपडत चालले होते. आंधळी कोशिंबीर. पोरं त्यांच्या बोटांना शिवून पळत होती, किंचाळत होती. काका मोठ्यानं हसत होते. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

मी पुढं झालो तेवढ्यात ते वळले आणि त्यांचा हात माझ्या दंडावर पडला. घट्ट धरला.

"सापडलं!" ते ओरडले. मग बोटं माझ्या खांद्यापर्यंत वर आली आणि थबकली. "आरं, हे कोण? लई उंच लेकरू हाय हे."

पोरं तोंडावर हात दाबून हसायला लागली. एक छोटी मुलगी माझ्याकडं बघून जोरजोरात मान हलवत होती, सांगू नका, सांगू नका.

काका माझा चेहरा चाचपू लागले. कपाळ, नाक, हनुवटी. तळवा उन्हानं गरम झाला होता. "बोल की रे," ते म्हणाले, "कोण हायेस तू?"

मी ओठ घट्ट मिटून उभा राहिलो.